101 वे युनिट पडले की अख्खे बिल महागते का?

नाही. महावितरणच्या घरगुती बिलात टप्पे एकावर एक चढतात: 0 ते 100, 101 ते 300, 301 ते 500 आणि त्यापुढे. वरचा दर फक्त त्या टप्प्यात पडलेल्या युनिटांनाच लागतो. समजा, पहिला दर 5 रुपये आणि दुसरा 10. तर 101 युनिटांचा वीज आकार 510 रुपये होतो, 1010 नव्हे. वहन आकार, म्हणजे वीज घरापर्यंत वाहून आणण्याचा आकार, प्रत्येक युनिटला सारखाच असतो. स्थिर आकार मात्र घर बंद असले तरी भरावाच लागतो.

दुसरी समजूत याहून चिवट आहे: ‘रीडिंग मुद्दाम उशिरा घेतात, म्हणजे टप्पा ओलांडतो.’ रीडिंग लांबले तर टप्पाही त्याच प्रमाणात वाढवून द्यायचा असतो. 45 दिवसांच्या बिलात पहिला टप्पा 150 युनिटांचा धरायला हवा. म्हणून मागील आणि चालू रीडिंगच्या तारखा आधी पाहा. खरी चूक असली तर ती इथे सापडू शकते. टप्पा वाढवलेला नसेल तर मीटरचा फोटो जोडून लेखी तक्रार करा आणि पोच घ्या. दाद मिळाली नाही, तर ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच आणि त्यावर विद्युत लोकपाल आहेत.

आणि हे दर महावितरण स्वतः ठरवत नाही. विद्युत अधिनियम 2003 नुसार कंपनी प्रस्ताव मांडते, तो जाहीर होतो, ग्राहकांच्या हरकती मागवल्या जातात आणि आदेश महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग देतो. हरकत कोणताही ग्राहक नोंदवू शकतो.