कोपराच्या कडकपणाला नंबर कुणी दिला?

स्ट्रोकच्या पेशंटच्या फिजिओ फाइलमध्ये 'एमएएस १+, एफएमए ३२' असं काहीतरी लिहिलेलं असतं, घरच्यांना त्यातलं ओ की ठो कळत नाही आणि विचारायला संकोच वाटतो, म्हणून हे आकडे कुठून आले ते लिहितोय.

एमएएस म्हणजे मॉडिफाइड अ‍ॅशवर्थ स्केल. याचं मूळ स्ट्रोकमध्ये नाहीच. १९६४ मध्ये ब्रायन अ‍ॅशवर्थ हे ब्रिटिश डॉक्टर मल्टिपल स्क्लेरोसिस या मज्जासंस्थेच्या आजाराच्या पेशंटना कॅरिसोप्रोडॉल हे स्नायू सैल करणारं औषध देऊन बघत होते, औषधाने कडकपणा उतरतो का हे नोंदवायला त्यांनी ० ते ४ अशी साधी श्रेणी केली, आकडा जास्त म्हणजे कडकपणा जास्त. पुढे १९८७ ला अमेरिकेत बोहॅनन आणि स्मिथ यांनी १ आणि २ च्या मधे १+ घातला आणि ३० पेशंटच्या कोपरावर तपासून बघितलं, दोघांचे ग्रेड ८६.७ टक्के वेळा जुळले. करायचं एवढंच, पेशंटला झोपवून दुमडलेलं कोपर साधारण एका सेकंदात सरळ करायचं आणि आपल्या हाताला कुठे अडकल्यासारखं लागतं ते बघायचं. ना मशीन ना खर्च, म्हणूनच ते सगळीकडे पसरलं.

पण एकाच स्पीडने ताणलं तर खरी गोम कळत नाही. १९८० मध्ये लान्स या न्यूरोलॉजिस्टनी स्पॅस्टिसिटीची, म्हणजे या कडकपणाची, व्याख्याच वेगाशी बांधली, जितकं झटकन ताणाल तितका स्नायू जास्त विरोध करणार. फ्रान्समध्ये तार्द्यू हे तर १९५० च्या दशकातच वेगवेगळ्या वेगाने ताणून बघत होते. हळू नेल्यावर कोपर पूर्ण उघडतंय पण झटक्यात अडकतंय तर तो रिफ्लेक्सचा, म्हणजे स्नायू आपोआप आवळण्याचा खेळ, आणि हळू नेऊनही अडकत असेल तर स्नायू किंवा सांधाच आखडलाय, तिथे नुसतं बोटॉक्स (स्नायू सैल करणारं इंजेक्शन) देऊन भागत नाही. मला हा फरक फार महत्त्वाचा वाटतो.

आता एफएमए, म्हणजे फुगल-मायर असेसमेंट. तो कडकपणा मोजतच नाही, पेशंट स्वतः काय हलवतो ते मोजतो. ट्विचेल यांनी १९५१ मध्ये लकव्यानंतर हालचाल कुठल्या क्रमाने परत येते ते मांडलं, ब्रुनस्ट्रॉम यांनी त्याच्या पायऱ्या केल्या आणि १९७५ मध्ये स्वीडनच्या फुगल-मायर आणि सहकाऱ्यांनी त्याला मार्क दिले. हाताला जास्तीत जास्त ६६ मार्क. एक उदाहरण सांगतो, हात दुसऱ्या बाजूच्या गुडघ्यावरून उचलून आपल्या बाजूच्या कानापाशी न्यायचा, त्यात खांदा किती उचलला, कोपर किती दुमडलं, तळवा वळला का, प्रत्येकाला ०, १ किंवा २.

त्यामुळे एमएएस उतरला म्हणजे हात सुधारला असं धरून चालू नका, दोन्ही आकडे विचारा.

कडकपणा आणि पेशंटची स्वतःची हालचाल या दोन्ही गोष्टी एकत्र बघायचं काम कॅनडात लेविन आणि फेल्डमन यांनी १९९० च्या दशकात केलं. स्नायूवर इलेक्ट्रोड लावून कोपर वेगवेगळ्या वेगाने ताणायचं आणि स्नायू नेमका कुठल्या अंशाला जागा होतो ते शोधायचं, त्या कोनाच्या एका बाजूला पेशंट कोपर नीट चालवू शकतो आणि पलीकडे गेलं की नको तो स्नायू आपोआप आवळतो, मग इच्छा असूनही हात पुढे जात नाही.