शटरला साल कळत नाही

२००० साल उजाडताच संगणक ते १९०० समजतील, या धास्तीने १९९९ च्या अखेरीस भलेभले हवालदिल झाले होते. फिल्म कॅमेऱ्याचे शौकीन मात्र खुशीत होते. ‘माझ्या कॅमेऱ्याला १९९९ सुद्धा माहीत नाही, मग २००० चं काय!’ घड्याळं खरंच १९०० वर गेली, तर महिनाभर कळ काढा, फेब्रुवारी १९०० मध्ये बाजारात आलेला कोडॅकचा ब्राउनी कॅमेरा पुन्हा एका डॉलरला मिळू लागेल, अशीही थट्टा करता आली असती.

थट्टेत तथ्य होतं. निकॉन एफएम२ या फिल्म कॅमेऱ्याचं शटर, म्हणजे फिल्मवर क्षणभर प्रकाश पडू देणारी झडप, स्प्रिंग आणि दंतचक्रांवर चालतं. त्यातले बटण सेल फक्त प्रकाश मोजणाऱ्या लाइट मीटरसाठी. ते काढले तरी १/४००० सेकंदापर्यंतचे सगळे वेग मिळतात.

तारीख ठाऊक असायची ती डेटा बॅकला, म्हणजे फोटोच्या कोपऱ्यात नारिंगी आकडे उमटवणाऱ्या मागच्या झाकणाला. त्यातला इवलासा दिवा फिल्मच्या पाठीमागून आकडे उमटवतो. रंगीत फिल्ममध्ये लाल प्रकाश टिपणारा थर त्या बाजूने सर्वांत जवळ असतो, म्हणून आकडे नारिंगी येतात. फोटोच्या त्या कोपऱ्यात पांढरी भिंत किंवा वाळू आली की आकडे दिसेनासे होतात. एरवीही फिके येत असतील, तर आधी डेटा बॅकचा सेल बदला. डेटा बॅकच्या छोट्या पडद्यावर तारीख ठळक दिसते म्हणून सेल चांगला असेलच असं नाही. दिव्याला जास्त वीज लागते.

साल दोनच आकडी असल्याने ९९ नंतर ०० आलं, एवढंच. १९०० लीप वर्ष नव्हतं, पण २००० ला ४०० ने भाग जातो, म्हणून ते होतं. त्यामुळे ‘चाराने भाग गेला की लीप’ हा आळशी नियमही १९०१ ते २०९९ पर्यंत चुकत नाही. डिजिटल कॅमेऱ्यांच्या एक्झिफ नोंदीत, म्हणजे फोटोच्या फाइलमध्येच साठणाऱ्या माहितीत, तर साल चार आकडी असतं.

खरी अडचण पुढे आली. अनेक डेटा बॅकांचं कॅलेंडर २०१९ लाच संपतं. तिथे चालू सालातून २० वजा करून साल लावा: २०२८ साठी ०८. वजाबाकी चारच्या पटीतच हवी, नाहीतर २९ फेब्रुवारी हुकतो; १० वजा केले तर १८ येतं आणि ते लीप नाही. अशा बॅकवर ही युक्ती २०३९ पर्यंत चालेल.