जपानमधील जुनी सदनिका आणि तिच्यामागचे कायदे : पार्श्वभूमी

टोकियो किंवा ओसाकात चाळीस वर्षांहून जुनी सदनिका नव्या सदनिकेच्या मानाने बरीच स्वस्त मिळते. मात्र ही किंमत रास्त आहे की नाही, हे इमारत नुसती पाहून कळत नाही. ती कोणत्या नियमांच्या काळात बांधली गेली आणि पुढे तिची निगा कशी राखली गेली, हे आधी पाहावे लागते.

खासगी कंपनीने बांधून विकलेली जपानमधील पहिली सदनिकांची इमारत म्हणून टोकियोच्या शिंजुकू भागातील ‘योत्सुया कॉर्पोरास’ ओळखली जाते. 1956 साली उभ्या राहिलेल्या या पाच मजली इमारतीत 28 घरे होती. सदनिकांच्या मालकीचा स्वतंत्र कायदा त्यानंतर, 1962 मध्ये झाला. आपल्याकडील गृहनिर्माण सोसायटीत जमीन आणि इमारत संस्थेची असते. तिथे मात्र बहुतेक ठिकाणी प्रत्येक घरमालकाच्या नावे घराबरोबर जमिनीतील हिश्शाचीही नोंद होते. त्यामुळे इमारत पाडायची की राखायची, हा निर्णय शेवटी या सगळ्या मालकांच्या मतांवर अवलंबून राहतो.

जुन्या इमारतींची खरी विभागणी भूकंपाने केली. 1978 च्या मियागी भूकंपात झालेल्या पडझडीनंतर बांधकामाचे नियम कडक करण्यात आले आणि ते 1 जून 1981 पासून लागू झाले. जपानी तीव्रतामापनातील सहाच्या वरच्या पातळीपासून सातपर्यंतच्या हादऱ्यातही इमारत कोसळू नये, ही अपेक्षा तेव्हापासूनची आहे. येथे इमारत पूर्ण झाल्याची तारीख नव्हे, तर आराखडा मंजूर झाल्याची तारीख महत्त्वाची असते, हे खरेदीदाराने पक्के लक्षात ठेवावे. 1982 किंवा 1983 मध्ये पुरी झालेली इमारतही जुन्याच नियमांची असू शकते. मूळ दाखला हरवला असल्यास स्थानिक प्रशासनाच्या नोंदवहीतील उतारा मागवता येतो, आणि तो मागवण्याचा कंटाळा करू नये.

17 जानेवारी 1995 च्या कोबे भूकंपाने मालकीच्या कायद्यातील उणीव उघडी पाडली. 1983 च्या दुरुस्तीनुसार चार-पंचमांश मालकांच्या संमतीने इमारत नव्याने बांधता येत होती, पण डागडुजीला प्रमाणाबाहेर खर्च येणार असेल तरच. हा खर्च कधी ‘प्रमाणाबाहेर’ ठरतो, यावर शेजाऱ्याशेजाऱ्यांत फूट पडली, काही प्रकरणे न्यायालयात वर्षानुवर्षे रेंगाळली आणि घर गमावलेली माणसे ताटकळत राहिली. ही अट अखेर 2002 मध्ये काढून टाकण्यात आली. तरीही वृद्ध मालक, वारसाहक्काने विभागलेली घरे आणि ठावठिकाणा नसलेले मालक यांमुळे चार-पंचमांश मते जमवणे अवघडच राहिले. म्हणून 2025 मध्ये कायदा पुन्हा बदलला; भूकंपाच्या दृष्टीने अपुऱ्या ठरलेल्या इमारतींसाठी आता तीन-चतुर्थांश संमती पुरते आणि बेपत्ता मालकांना न्यायालयाच्या परवानगीने मोजणीतून वगळता येते. हे बदल 1 एप्रिल 2026 पासूनचे आहेत.

दुरुस्तीनिधीचा इतिहास तितका नाट्यमय नसला, तरी खरेदीदाराला त्याची झळ अधिक बसते. साधारण बारा ते पंधरा वर्षांनी इमारतीची मोठी दुरुस्ती होते आणि तिच्यासाठी मालक दरमहा पैसे साठवतात. घरे लवकर खपावीत म्हणून बांधकाम कंपन्या सुरुवातीला ही रक्कम कमी ठेवत आणि ती पुढे टप्प्याटप्प्याने वाढेल असे गृहीत धरत. परंतु मालक निवृत्तिवेतनावर जगू लागल्यावर सभेत ही वाढ मंजूर होणे कठीण जाते. व्यवस्थापनाला शिस्त लागावी म्हणून 2000 मध्ये वेगळा कायदा करण्यात आला, आणि चांगल्या व्यवस्थापन आराखड्यास अधिकृत मान्यता देण्याची पद्धत 2022 पासून सुरू झाली. खरेदीदाराने निधीतील शिल्लक, दुरुस्तीचा दीर्घकालीन आराखडा आणि सभांची इतिवृत्ते मागून घ्यावीत, शिवाय विक्रेत्याची थकबाकीही तपासावी. कारण आधीच्या मालकाने थकवलेली व्यवस्थापन आणि दुरुस्तीची वर्गणी कायद्यानुसार नव्या मालकाकडूनही वसूल करता येते.