लिटर बॉक्सजवळच्या मुंग्या

आधी दिसल्या त्या मुंग्या. बाल्कनीतल्या लिटर बॉक्सच्या, म्हणजे आमच्या बोक्याच्या शी-शूच्या डब्याच्या, कडेने काळ्या मुंग्यांची रांग लागलेली, मला वाटलं कोणीतरी बिस्कीट सांडलं असेल म्हणून पुसून टाकलं, तर संध्याकाळी परत तीच रांग. आजीने वाकून बघितलं आणि म्हणाली, "अगं, शुगर आहे त्या बोक्याला." मी हसले. पण आजीला स्वतःला बावीस वर्षं डायबेटिस आहे आणि मधुमेह हा शब्द काय उगाच नाही पडलेला, आपल्याकडचे जुने वैद्य लघवीला मुंग्या लागतात यावरून हा आजार ओळखायचे.

गुंड्या आमच्याकडे फॉस्टर म्हणून, म्हणजे कायमचं घर मिळेपर्यंत सांभाळायला आलेला. नऊ वर्षांचा नारंगी बोका, नसबंदी झालेला, आधीच्या घरी दूध-पोळी आणि वाटीभर कोरडं कॅटफूड यावर वाढलेला, एकेकाळी साडेसहा किलोचा. हिरड्या सुजायच्या म्हणून त्याला वर्षभर अधूनमधून स्टिरॉइडची इंजेक्शनं पण दिलेली होती. आता वर बघा, बोका, नसबंदी, वय सातच्या पुढे, जाडेपणा, स्टिरॉइड. मांजरांच्या डायबेटिसची कारणं कुठल्याही पुस्तकात काढलीत तर जवळपास हीच यादी सापडेल. आमच्याकडे आला तेव्हा तो पाच किलोवर आला होता, खायचा राक्षसासारखा, पाण्याचा बाऊल दिवसातून तीनदा भरावा लागायचा आणि लिटरमध्ये लघवीने भिजलेले क्रिकेटच्या बॉलएवढे गोळे निघायचे. आणि चालायचा विचित्र. मांजर खरं तर बोटांवर चालतं, आपण ज्याला गुडघा उलटा वाकलाय असं समजतो ती त्याची टाच असते. गुंड्या मागच्या पायांच्या टाचा जमिनीला टेकवून सशासारखा चालत होता. वाढलेल्या साखरेने पायाच्या नसा खराब झाल्या की असं होतं. कुत्र्यांना डायबेटिसमध्ये मोतीबिंदू होतो, मांजरांना तो क्वचित, त्यांचे पाय जातात. पण साखर ताब्यात आली की बऱ्याच मांजरांचे पाय हळूहळू परत येतात.

क्लिनिकमध्ये शुगर आली ४१२. मी घाबरले पण डॉक्टर म्हणाले थांबा, यावर इन्सुलिन सुरू नाही करायचं. मांजराला पिंजऱ्यात घालून रिक्षातून नेलं, शेजारी कुत्रा भुंकत होता, एवढ्या भीतीनेसुद्धा निरोगी मांजराची साखर ३००च्या वर जाऊ शकते. म्हणून फ्रुक्टोसामाइन नावाची टेस्ट करतात, ती मागच्या एकदोन आठवड्यांची सरासरी साखर सांगते, माणसांच्या एचबीए१सीची मांजरातली बहीण म्हणा. ती पण वाढलेली आली, लघवीतही साखर होती. माणसाच्या लघवीत साखर साधारण १८०च्या पुढे उतरायला लागते, मांजराची किडनी २५०-२९०पर्यंत धरून ठेवते. म्हणजे मुंग्या यायला लागल्या याचा अर्थ गाडी बरीच पुढे गेलेली होती.

आता मला या सगळ्यात आवडलेली गोष्ट सांगते. मांजराचा डायबेटिस कुत्र्यापेक्षा आपल्या आजीच्या डायबेटिसला जवळचा असतो. कुत्र्याला बहुतेक वेळा टाइप १सारखा होतो, इन्सुलिन बनवणाऱ्या पेशीच संपतात आणि मग जन्मभर सुया. मांजराला टाइप २सारखा होतो, शरीर इन्सुलिनला दाद देत नाही, स्वादुपिंडातल्या बीटा पेशी जास्त काम करून दमतात, आणि त्यांच्या आजूबाजूला एका प्रथिनाचा चिकट थर साचत जातो. हा थर माणसातही साचतो. तो नक्की कशाचा आहे हे १९८७मध्ये स्वीडन आणि अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांच्या टीमने शोधून काढलं, आणि त्यांनी नमुने वापरले ते माणसाच्या एका ट्यूमरचे आणि डायबेटिस झालेल्या मांजराच्या स्वादुपिंडाचे! त्या प्रथिनाला आपण आता अमायलिन म्हणतो, ३७ अमिनो आम्लांची साखळी, बीटा पेशी इन्सुलिनबरोबरच ती सोडतात. गंमत पुढेच आहे. उंदराच्या अमायलिनचा असा थर होत नाही, कारण त्याच्या साखळीत मोक्याच्या जागी तीन प्रोलिन (हेही एक अमिनो आम्लच) बसलेले आहेत आणि ते साखळीला चिकटू देत नाहीत. मग कंपनीवाल्यांनी काय केलं, माणसाच्या अमायलिनमध्ये उंदराचे ते तीन प्रोलिन बसवले आणि डायबेटिसचं औषध तयार केलं, प्रॅमलिंटाइड, २००५मध्ये अमेरिकेत मंजूर झालं. मांजराकडून आजार समजला आणि उंदराकडून औषध उचललं, गुंड्याला सांगितलं असतं तर त्याला काही हे आवडलं नसतं.

मांजर हा पक्का मांसाहारी. त्याच्या जिभेला गोड चव कळतच नाही, गोडाच्या रिसेप्टरचं एक जीन त्याच्यात मोडलेलं आहे. त्याचं लिव्हर प्रथिनांपासून साखर बनवण्याचं काम चोवीस तास चालूच ठेवतं, जेवणानंतर एकदम आलेली साखर उचलणारं ग्लुकोकायनेज एन्झाइम त्यात फारच कमी. अशा प्राण्याला आपण पोळी घालतो आणि पिशवीतल्या गोळ्या घालतो. पिशवीवर कार्ब (कर्बोदकं) किती ते बहुतेक कोणी छापत नाही पण काढता येतं. समजा लिहिलंय प्रथिनं ३२ टक्के, चरबी १२, पाणी १०, तंतू ४, आणि राख (म्हणजे क्षार) धरा ८. बेरीज ६६, म्हणजे उरलेले ३४ टक्के कार्ब. कॅलरीत बदललं (प्रथिनं आणि कार्बला ग्रॅममागे साडेतीन, चरबीला साडेआठ) तर साधारण ३६ टक्के कॅलरी कार्बमधून. डायबेटिसवाल्या मांजराला हे १०-१२ टक्क्यांच्या आत हवं. म्हणून ओलं, पाउचमधलं, जास्त प्रथिनांचं खाणं, तेही लेबल बघून कारण पाउचमधल्या ग्रेव्हीत पण पीठ असतं. नुसतं उकडलेलं चिकन रोज घालणं हा उपाय नाही, त्यात कॅल्शियम नसतं आणि टॉरिन, म्हणजे मांजराला खाण्यातून लागणारं अमिनो आम्ल, पुरेसं नसतं. आणि जाड मांजराला उपाशी ठेवून बारीक करायला अजिबात जाऊ नका, दोनतीन दिवस खाल्लं नाही तरी त्याच्या लिव्हरमध्ये चरबी भरून जीवावर बेतू शकतं.

इन्सुलिन आमचं ग्लार्जिन, माणसांचंच, कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून. माणसाच्या आणि मांजराच्या इन्सुलिनमध्ये ५१ पैकी ४ अमिनो आम्लांचा फरक, गाईच्या आणि मांजराच्या तर फक्त एकाचा, त्यामुळे काम चालतं. डोस दर बारा तासांनी एक युनिट. आणि इथे आपल्याकडचा मोठा खड्डा आहे. भारतात अजून ४० युनिटच्या (म्हणजे एका मिलिलीटरमध्ये ४० युनिट) बाटल्या सर्रास मिळतात, त्यांच्या सिरिंजचं टोपण लाल, आणि १०० युनिटवाल्या सिरिंजचं टोपण केशरी. आमच्या फ्रिजच्या दारात आजीची ४०ची बाटली आणि गुंड्याची १००ची बाटली शेजारी शेजारी. तिसऱ्या दिवशी झोपेत मी लाल टोपणाची सिरिंज उचलली, आजी चहा गाळत होती, ती ओरडली. १००चं इन्सुलिन ४०च्या सिरिंजमध्ये एक रेघ ओढलं असतं तर अडीचपट डोस गेला असता. त्या दिवसापासून गुंड्याचं सगळं सामान एका लोणच्याच्या रिकाम्या बरणीत वेगळं.

सुई टोचणं सगळ्यात सोपं, खरंच, तो खात असताना कुशीची कातडी तंबूसारखी उचलायची आणि द्यायचं, त्याला कळतही नाही. अवघड आहे ते कानातून रक्त काढणं. पायमोज्यात मूठभर तांदूळ भरायचे, मायक्रोवेव्हमध्ये कोमट करायचे, तो मोजा कानाला लावून धरायचा म्हणजे कडेची बारीक शीर फुगते. कानाला पुसटसं व्हॅसलिन, म्हणजे थेंब केसात पसरत नाही, मोत्यासारखा उभा राहतो. पहिल्या आठवड्यात मी माझीच बोटं जास्त टोचली. मीटर माणसांचा असेल तर तो मांजराची साखर खरीपेक्षा कमी दाखवतो, कारण आपल्या रक्तात ग्लुकोजचा मोठा हिस्सा लाल पेशींमध्ये असतो, मांजरात जवळजवळ सगळा प्लाझ्मामध्ये, म्हणजे रक्तातल्या पातळ भागात, आणि मीटरचं गणित माणसाचं. एकच मीटर धरून ठेवायचा आणि तो कुठला हे डॉक्टरांना सांगायचं.

माझी खरी चूक इन्सुलिनची नव्हती, खाण्याची होती. पाचव्या आठवड्यात कमी कार्बचं पाउच मिळालं, मी उत्साहात एका दिवसात सगळं खाणं बदललं आणि डोस तोच ठेवला, डॉक्टरांना फोन नाही काही नाही. दुसऱ्या पहाटे गुंड्या पलंगाखालून बाहेर आला तो दारू प्यायल्यासारखा झोकांड्या खात, डोळे मोठे, हाक मारली तर बघेना. मीटरवर ५४. हात थरथरत होते माझे, आजीने शांतपणे मधाची बाटली काढली, बोटावर घेऊन त्याच्या हिरड्यांवर चोळला. तोंडात ओतायचा नाही, श्वासनलिकेत जातो. दहा मिनिटांनी तो उठून बसला, मग खाणं, मग दर पंधरा मिनिटांनी कान. सकाळी डॉक्टरांनी डोस अर्धा केला आणि मला जे सुनावलं ते इथे लिहीत नाही. मी त्यावेळी फक्त मध बघत होते, पण डॉक्टरांचं म्हणणं वेगळं होतं, याला इन्सुलिन कमी लागायला लागलंय.

कारण हेच तर हवं असतं. साखर सतत वर असली की तीच साखर बीटा पेशींना विष होते, त्या अजून कमी इन्सुलिन सोडतात, साखर अजून वर. बाहेरून इन्सुलिन देऊन आणि कार्ब काढून हे चक्र थांबवलं की दमलेल्या, पण न मेलेल्या पेशी परत कामाला लागतात. बऱ्याच मांजरांचं इन्सुलिन असं सुटतं, आणि जितकं लवकर सुरू कराल तितकी शक्यता जास्त. चार आठवडे सुईशिवाय साखर नॉर्मल राहिली तर त्याला रेमिशन म्हणतात. बरा झाला म्हणत नाहीत, पोळी परत सुरू केली किंवा स्टिरॉइड दिलं की आजार परत दारात उभा.

अमेरिकेत आता मांजरांसाठी तोंडाने द्यायचं औषध पण आलंय, डिसेंबर २०२२मध्ये बेक्साग्लिफ्लोझिनच्या गोळीला मंजुरी मिळाली आणि २०२३मध्ये वेलाग्लिफ्लोझिन हे पातळ औषध आलं, दोन्ही साखर किडनीतून लघवीवाटे बाहेर काढतात. ऐकायला मस्त, पण आधी इन्सुलिन घेतलेल्या मांजराला ती चालत नाहीत, आणि साखर नॉर्मल दिसत असतानाच रक्तात कीटोन (चरबी जळताना तयार होणारी आम्लं) वाढून मांजर जाऊ शकतं. म्हणून घरातल्या आजीची शुगरची गोळी अर्धी करून देऊ का हा प्रश्न मला विचारू नका, तीन जणांनी विचारून झालाय.

अकराव्या आठवड्यात सुई बंद झाली. पंधराव्यात गुंड्याला कायमचं घर मिळालं, कोथरूडचं जोडपं, त्यांना मी दोन रविवार बोलावून तांदळाचा मोजा आणि कान शिकवला. निघायच्या सकाळी शेवटचं रीडिंग घेतलं, ९६. आजीने मीटर हातात घेऊन ते नीट बघितलं, मग स्वतःचं बोट पुढे केलं. तिची आली २३०. आदल्या रात्री श्रीखंड झालं होतं.