बॉक्स विकत घेण्याआधी गाडी दाखवा
जुन्या पिकअपचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स बदलू पाहणाऱ्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

आंब्याची भाडी संपली की आमच्याकडे फोन सुरू होतात: "भंगारात ऑटोमॅटिक बॉक्स मिळतोय, घेऊन टाकू का?" पैसे देऊ नका, आधी गाडी घेऊन या. बाहेरून सारखा दिसणारा बॉक्स बसेलच असं नाही, आणि बसला तरी चालेलच असं नाही.

गाडी मुळातच ऑटोमॅटिक असेल आणि त्याच मॉडेलचा, त्याच इंजिनाचा बॉक्स मिळत असेल, तर काम सरळ आहे. तरीही टू-व्हील आणि फोर-व्हील ड्राइव्हच्या बॉक्सचा मागचा भाग वेगळा असतो. तो चुकला की प्रोपेलर शाफ्टची (बॉक्सपासून मागच्या चाकांकडे जाणाऱ्या दांड्याची) लांबी जुळत नाही, क्रॉस मेंबरची (बॉक्स ज्यावर टेकतो त्या चासीच्या आडव्या पट्टीची) भोकंही जुळत नाहीत. म्हणून जुन्या बॉक्सवरचा नंबर आम्हाला वाचू द्या.

मॅन्युअल गाडीला ऑटोमॅटिक बॉक्स बसवायला मात्र आम्ही बहुतेकदा नकारच देतो. स्कॉर्पिओ काही वर्षं ऑटोमॅटिकमध्ये येत होती, म्हणून तिचा बॉक्स गेटअवेला (स्कॉर्पिओच्या पिकअपला) बसवा, ही मागणी नेहमीची. या बॉक्सना स्वतःचा कंप्युटर असतो. पेडल किती दाबलंय, इंजिन किती फिरतंय, हे त्याला इंजिनाच्या कंप्युटरकडून सतत कळावं लागतं. नाही कळलं तर बॉक्स एकाच गिअरला अडकून बसतो. म्हणजे नुसता बॉक्स आणून भागत नाही; दोन्ही कंप्युटर, सगळं वायरिंग, लिव्हर, कूलर आणि चावीचं कोडिंग, सगळंच आलं. मोबाइलवरच्या अमेरिकन पिकअपच्या व्हिडिओंत हे दुपारभरात होताना दिसतं, कारण शेव्हरोलेच्या जुन्या व्ही-आठ इंजिनांचा बोल्ट पॅटर्न (बॉक्स जोडायच्या भोकांची मांडणी) 1955 पासून कित्येक वर्षं तोच राहिला, आणि त्या काळच्या बॉक्सना कंप्युटरच नव्हता. आपल्या गाड्यांना तो हिशेब लावू नका. शिवाय मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 52 मध्ये गाडीत बदल करण्यावर बंधनं आहेत. आरटीओत विचारा, विमा कंपनीलाही विचारा. लेखी उत्तर आणल्याशिवाय आम्ही अशा गाडीला पाना लावत नाही.

आता बॉक्स कुठून आला याबद्दल. 22 जुलै 2021 ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं आणि असंख्य गाड्या बुडाल्या. पुराच्या गाड्यांचे सुटे भाग पुढे कुठे कुठे फिरतात, सांगता येत नाही. तापलेला बॉक्स पाण्यात गेला की झटकन थंड होतो आणि ब्रीदरमधून (हवा जायच्या भोकातून) पाणी आत ओढतो. क्लच प्लेटवरचं अस्तर पाण्याने फुगतं, सुटतं. बाहेरून बॉक्स धुऊन रंगवला की काही कळत नाही. म्हणून आम्ही खालचा पॅन उघडूनच बघतो. पॅनमधल्या चुंबकावर थोडा करडा लगदा चालतो. काळी पापुद्री, पितळेची चमक किंवा गंज दिसला तर बॉक्स परत. तेल सोलकढीसारखं गुलाबी दिसलं तर त्यात पाणी किंवा कूलंट (रेडिएटरमधलं पाणी) मिसळलेलं आहे. कूलंटची बाधा तुमच्याच गाडीतून येऊ शकते, कारण पुष्कळ गाड्यांत बॉक्सच्या तेलाचा कूलर रेडिएटरच्या आतच असतो. कूलर आणि पाइप धुतल्याशिवाय नवा बॉक्स लावला तर जुन्याचा कचरा त्यात जातो. कूलर बदलायचा खर्च आम्ही सांगितला तर कृपया घासाघीस करू नका.

मासळीची गाडी असेल तर आणखी एक. हौद्यातलं बर्फाचं खारं पाणी वायरिंगच्या जोडावर ठिबकतं, पिना हिरव्या पडतात आणि गिअर भलत्याच वेळी बदलतात. अशा गाडीचा बॉक्स खोलायच्या आधी आम्ही जोड साफ करून, चालवून बघतो. कधी कधी तेवढ्यावर काम भागतं. भागलं तर बिल फक्त तेवढ्याचंच.

बसवताना टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनाची ताकद तेलातून बॉक्सला देणारा गोल भाग) बॉक्सच्या पंपात पूर्ण आत गेला पाहिजे. बॉक्स इंजिनाला टेकल्यावर कन्व्हर्टर हाताने मोकळा फिरला पाहिजे. बोल्ट आवळून बॉक्स ओढून घेणारा मिस्त्री पंप फोडतो. तेल गाडीच्या कंपनीने सांगितलेलंच भरायचं. "लाल ते सगळं सारखं" हे खरं नाही.

कुंभार्ली किंवा आंबा घाटात गाडी बंद पडली तर दोर बांधून ओढू नका. इंजिन बंद असलं की बॉक्सचा पंप फिरत नाही, आणि मागची चाकं फिरली की आतले भाग तेलाविना घासतात. फ्लॅटबेड मागवा, किंवा प्रोपेलर शाफ्ट सोडवून मगच ओढा.

मासेमारी बंद असते त्या जून-जुलैत गाडी आणलीत तर आम्हालाही सवड असते. आर.सी.ची झेरॉक्स सोबत असू द्या. तुम्ही आणलेल्या बॉक्सची हमी आम्ही देत नाही, फक्त बसवण्याच्या कामाची देतो. जुना बॉक्स तुमचाच; न्यायचा नसेल तर भंगाराची किंमत बिलातून वजा करू.