गाठ शेकल्याने कॅन्सर जात नाही

‘उष्णतेने कॅन्सर मरतो, मग गाठ घरीच शेका’ हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय. कृपया असं करू नका. शेकाने कातडी भाजते. आत वाहतं रक्त उष्णता वाहून नेतं. पेशी जवळपास लगेच मरायला ६० अंश सेल्सिअस लागतात, म्हणून डॉक्टर स्कॅनवर बघत सुई थेट गाठीत घालतात आणि रेडिओलहरींनी ती आतून तापवतात.

‘जास्त तापवलं की जास्त गुण’ हेही खोटं. १०० अंशांपुढे पाणी उकळतं, सुईभोवती कोळसा धरतो, रेडिओलहरींचा प्रवाह अडतो आणि गाठीची कड जिवंत राहते.

या उष्णतेने शेजारचं आतडं भाजू नये म्हणून जेल कामाला येतं. पोलोक्सॅमर नावाचं जेल थंड असताना पातळ, शरीरात घट्ट होतं. गाठ आणि आतडं यांच्यामध्ये सोडलेलं सलाइन ओघळून जातं, हे जागेवर टिकतं. मात्र हे काम अजून मुख्यतः संशोधनात आहे.