विंडोज ९८ हलकी ठेवणं

विंडोज ९८ ही मायक्रोसॉफ्टची घरगुती कॉम्प्युटरसाठीची ऑपरेटिंग सिस्टिम २५ जून १९९८ ला बाजारात आली, पुढच्या वर्षी तिची सेकंड एडिशन आली आणि ११ जुलै २००६ ला कंपनीने दोन्हींचा सपोर्ट बंद केला. ही नोंद मात्र ती नीट चालावी म्हणून लोक जे उद्योग करायचे (आणि काहीजण अजून करतात) त्यांच्याबद्दल आहे. स्टार्टअप साफ करणं, डिफ्रॅग (डिस्कवर विखुरलेले फाईलचे तुकडे एकत्र लावणं) लावणं, स्वॅप फाईल (रॅम कमी पडली की डिस्कवर वापरायची जागा) बांधून टाकणं आणि काहीच जमलं नाही की सरळ फॉरमॅट मारून विंडोज नव्याने टाकणं, हे सगळं यात येतं. यातले निम्मे उपाय खरंच लागू पडायचे, उरलेले म्हणजे टीव्हीच्या डोक्यावर थापट मारण्यासारखे, आणि कुठला उपाय कुठल्या गटातला हे कळायचं तर ९८ आतून कशी आहे ते थोडं बघावं लागतं.

दुखणं कुठे होतं

खोक्यावर लिहिलेली किमान गरज म्हणजे ६६ मेगाहर्ट्झचा ४८६डीएक्स प्रोसेसर आणि १६ एमबी रॅम. एवढ्यावर ती सुरू व्हायची, पण वर्ड उघडायला क्लिक करून चहा टाकायला उठलं तरी चालायचं. ६४ एमबी झाली की मशीनमध्ये जीव यायचा, १२८ म्हणजे चैन. त्यामुळे मशीन अडकायला लागलं की पहिला सल्ला ठरलेला, रॅम वाढवा. आणि इथेच बऱ्याच लोकांचे पैसे फुकट गेले, कारण रोजच्या हँग होण्यामागे रॅम नसायचीच.

९५, ९८ आणि नंतर आलेली एमई या तिघींच्या अंगात जुन्या विंडोज ३.१ ची सोळा बिटवाली हाडं शिल्लक होती. पडद्यावरच्या खिडक्या, बटणं वगैरेंचा हिशोब ठेवणारा भाग यूजर, आणि रंगरेषा, ब्रश, फॉन्ट यांचा हिशोब ठेवणारा भाग जीडीआय. हे दोघं आपला महत्त्वाचा हिशोब प्रत्येकी ६४ केबीच्या कप्प्यात ठेवायचे. केबी, एमबी नाही. काही गोष्टी ९५ पासून मोठ्या कप्प्यात हलवल्या होत्या, पण छोटे कप्पे राहिलेच, आणि त्यातला एक जरी भरला तरी २५६ एमबी रॅममधली निम्मी रिकामी असताना स्क्रीनवर मेमरी पुरेशी नसल्याचा मेसेज यायचा. माय कॉम्प्युटरवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, परफॉर्मन्स असं गेलं की तिथे सिस्टिम रिसोर्सेस किती टक्के मोकळे ते दिसायचं, तो आकडा या कप्प्यांचा होता, रॅमचा नव्हे.

सोबत रिसोर्स मीटर नावाचा छोटा प्रोग्रॅम मिळायचा, तो घड्याळाशेजारी जाऊन बसायचा, सगळं ठीक तोवर हिरवा, मग पिवळा, मग लाल. एका डीटीपीच्या (कॉम्प्युटरवर छपाईची पानं जुळवण्याच्या) दुकानात मी कॉलेजात असताना बसायचो, तिथे सकाळी मशीन चालू केल्यावर ऐंशीच्या पुढे टक्के मोकळे दिसायचे, पेजमेकर उघडलं, कोरल ड्रॉ उघडलं, गाण्यांसाठी विनॲम्प लावलं की पन्नासच्या आसपास, आणि खरी गंमत पुढे, सगळं बंद केलं तरी आकडा परत ऐंशीवर जायचा नाही, साठ-पासष्टवर अडायचा. प्रोग्रॅम उठून गेला तरी आपलं सामान कप्प्यात विसरून जायचा. म्हणून मालकांचा नियम होता, तीसच्या खाली काटा गेला की सेव्ह करा आणि रिस्टार्ट मारा, गिऱ्हाईक समोर बसलेलं असलं तरी. हा नियम कुठल्याही महागड्या ट्यूनिंग सॉफ्टवेअरपेक्षा जास्त उपयोगी होता असं माझं अजून मत आहे.

दुसरं दुखणं भिंती नसण्याचं. मायक्रोसॉफ्टच्याच विंडोज एनटीच्या घराण्यात (२०००, एक्सपी वगैरे) प्रत्येक प्रोग्रॅमला आपली बंद खोली असते. ९८ मध्ये मेमरीचे काही भाग, अगदी खालचा एक एमबी आणि वरचा सामायिक पट्टा, सगळ्यांसाठी जवळजवळ उघडेच. एकाने शेजारच्याच्या पानात हात घातला की अख्खी पंगत उठायची, म्हणजेच ती निळी स्क्रीन, फेटल एक्सेप्शन ०ई. २० एप्रिल १९९८ ला शिकागोच्या कॉमडेक्स प्रदर्शनात बिल गेट्स स्टेजवर उभे असताना स्कॅनर जोडल्या जोडल्या ९८ ची निळी स्क्रीन आली, ते तर जगाने बघितलं. सीआयएच व्हायरस २६ एप्रिल १९९९ ला इतका माजला तोही याच उघड्या दारामुळे, तो सरळ सिस्टिमच्या गाभ्यात शिरून हार्ड डिस्क आणि कित्येक मशीनचा बायोससुद्धा (मशीन सुरू करणारा मूळ प्रोग्रॅम) खराब करायचा, एनटीवर त्याचं काही चालायचं नाही.

शिवाय मिलिसेकंद मोजणारा काउंटर बत्तीस बिटचा, तो ४९.७ दिवसांनी भरून परत शून्यावर येतो आणि ९५ आणि ९८ त्या क्षणी हँग होऊ शकायच्या. हा दोष लोकांना लवकर दिसला नाही यात आश्चर्य नाही, तेवढे दिवस मशीन एकदाही न अडकता चालवून दाखवणारा माणूस भेटायला हवा ना.

खरे उपाय

सगळ्यात मोठा फरक पडायचा तो काढून टाकण्याने. एमएसकॉन्फिग ९८ मध्येच पहिल्यांदा आलं, रन मध्ये टाईप करायचं, स्टार्टअपच्या टॅबवर जायचं आणि प्रिंटरचे, मॉडेमचे, साउंड कार्डचे, मेसेंजरचे जे काय टिक असतील ते काढायचे. कंट्रोल-ऑल्ट-डिलीट दाबल्यावर यादीत एक्सप्लोरर आणि सिस्ट्रे एवढी दोनच नावं दिसली म्हणजे मशीन स्वच्छ, बाकी सगळे पाहुणे. डेस्कटॉपवर वेबपेज दाखवणारा ॲक्टिव्ह डेस्कटॉप बंद करणं हाही त्याच जातीचा उपाय. याचं टोक गाठलं शेन ब्रूक्स यांच्या ९८लाइटने, तिने इंटरनेट एक्सप्लोरर सिस्टिममधून उपटून काढता यायचा आणि त्याजागी विंडोज ९५ चा सडपातळ एक्सप्लोरर बसवता यायचा, तेही मायक्रोसॉफ्ट कोर्टात तो वेगळा करता येत नाही असं सांगत असतानाच.

दुसरा उपाय दोन मिनिटांचा आणि तरी अर्ध्या लोकांना माहीत नसायचा. डिव्हाइस मॅनेजरमध्ये हार्ड डिस्कच्या प्रॉपर्टीजमध्ये डीएमएचा एक चौकोन असतो, तो बहुतेक असेंबल केलेल्या मशीनवर रिकामाच असायचा. त्यात टिक नसेल तर डिस्कवरून एकेक बाइट उचलून आणायची हमाली प्रोसेसरला करावी लागते. टिक करून रिस्टार्ट केलं की फाईल कॉपी होताना माउस अडखळायचा थांबायचा, इतका फरक. एखाद्या जुन्या डिस्कला मात्र हे सोसत नसे, मग सेफ मोडमध्ये (म्हणजे अगदी गरजेपुरते ड्रायव्हर घेऊन चालू होणाऱ्या विंडोजमध्ये) जाऊन टिक काढायची.

स्वॅप फाईलबद्दल तेव्हा प्रत्येकाचं वेगळं पंचांग होतं, रॅमच्या अडीच पट ठेवा, दुसऱ्या डिस्कवर ठेवा, बंदच करा. आकार पक्का करून टाकला तर फाईलचे तुकडे होत नाहीत एवढा फायदा खरा. त्याहून कामाची एक ओळ आहे, सिस्टिम डॉट आयएनआय फाईल उघडून ३८६ईएनएच या भागात कन्झर्व्हेटिव्हस्वॅपफाइलयूसेज=१ लिहायचं, मग ९८ रॅम संपेपर्यंत डिस्ककडे बघत नाही, १२८ एमबीच्या पुढे हे नक्की जाणवतं. आणि कोणी हौसेने ५१२ एमबीपेक्षा जास्त रॅम टाकली तर उलटा प्रकार, विंडोज चालू व्हायलाच मेमरी नाही म्हणते! डिस्कचा कॅश सांभाळणारा व्हीकॅश रॅम बघून इतका फुगतो की बाकीच्यांना मेमरीतले पत्ते द्यायलाच जागा उरत नाही. त्याच फाईलमध्ये व्हीकॅशच्या भागात मॅक्सफाइलकॅश=५२४२८८ किंवा त्याहून कमी आकडा लिहून त्याला वेसण घालावी लागते.

फाईल सिस्टिमच्या सेटिंगमध्ये डेस्कटॉपऐवजी नेटवर्क सर्व्हर निवडणं, हा घरच्या मशीनला विचित्र वाटणारा सल्ला बरोबर आहे, ३२ ऐवजी ६४ फोल्डरचे मार्ग आणि ६७७ ऐवजी २७२९ फाईलची नावं लक्षात राहतात, रॅम जाते ती नगण्य. फॅट१६ चं पार्टिशन फॅट३२ करणं (डिस्कवर फाईल मांडायची जुनी आणि नवी पद्धत) वेगापेक्षा जागेसाठी, २ जीबीच्या फॅट१६ पार्टिशनवर एक ओळीची फाईलसुद्धा ३२ केबी अडवायची, फॅट३२ वर ४.

डिफ्रॅगची कथा सगळ्यांना पाठ आहे, रात्री लावून झोपायचं आणि सकाळी बघायचं तर १० टक्क्यांवर, कारण मागे काहीतरी डिस्कवर लिहायचं आणि ते दर वेळी पहिल्यापासून सुरू व्हायचं. स्क्रीनसेव्हर आणि अँटीव्हायरस बंद करून, किंवा सरळ सेफ मोडमध्ये लावलं की होतं पूर्ण. हुशार लोक एमईमधला डिफ्रॅग उचलून ९८ मध्ये टाकायचे, तो कितीतरी चपळ होता.

फॉन्टचं वेगळं प्रकरण

मराठी डीटीपीवाल्यांना ९८ ने दिलेला त्रास इतरांपेक्षा वेगळा. युनिकोड (सगळीकडे सारखीच चालणाऱ्या अक्षरांच्या) मराठीचा सिस्टिमभर आधार तिच्यात नव्हता, तो विंडोज २००० पासून आला, त्यामुळे पुण्याच्याच मॉड्युलरची श्रीलिपी किंवा सीडॅकचं आयएसएम ही मराठी टायपिंगची सॉफ्टवेअर, आणि त्यांचे ढीगभर फॉन्ट. पत्रिका छापणाऱ्याला प्रत्येक फॉन्ट हवाच असतो. पण ९८ सगळ्या फॉन्टची नावं रजिस्ट्रीच्या (विंडोजच्या सेटिंगच्या नोंदवहीच्या) एकाच कप्प्यात ठेवते, त्याची मर्यादा पुन्हा तेच ६४ केबी, साधारण हजारेक फॉन्ट झाले की पुढचे दिसेनासे होतात, आणि त्याच्या खूप आधीपासून मशीन चालू व्हायला वेळ खायला लागतं. उपाय साधा, रोजचे शंभर-दीडशे फॉन्टच्या फोल्डरमध्ये, बाकीचे दुसऱ्या फोल्डरमध्ये झोपवून ठेवायचे आणि लागेल तेव्हा आणायचे.

वीज, रजिस्ट्री आणि खोडरबर

लोडशेडिंगच्या काळात यूपीएस नसलेल्या घरी दिवसाची सुरुवात डिस्क तपासणाऱ्या स्कॅनडिस्कच्या निळ्या पडद्याने व्हायची, वर पुन्हा तोच टोमणा की तुम्ही विंडोज नीट बंद केली नाही. असं वारंवार झालं की रजिस्ट्री बिघडते. त्यावर ९८ मध्ये एक फार चांगली सोय आहे, ती रोज पहिल्यांदा चालू होताना रजिस्ट्रीची प्रत काढून ठेवते, शेवटच्या पाच प्रती सिसबॅकअप फोल्डरमध्ये असतात. चालू करताना कंट्रोल दाबून धरायचं, डॉसमध्ये जायचं, स्कॅनरेग /रिस्टोर टाईप करून परवाची तारीख निवडायची, झालं, पाच मिनिटांत मशीन उभं. याऐवजी लोक फॉरमॅट मारायचे आणि फोटो घालवून बसायचे.

आणि सगळंच सॉफ्टवेअरचं नसतं. आज इथे तर उद्या तिथे, दर वेळी वेगळीच एरर येत असेल तर रॅम बाहेर काढून तिच्या सोनेरी पट्ट्या साध्या खोडरबराने घासायच्या, कचरा फुंकून नाही तर ब्रशने झटकायचा आणि परत नीट दाबून बसवायची. पावसाळ्यानंतर तर हमखास.

बिनकामाचे उपाय पण सांगून टाकतो. रॅम मोकळी करणारी सॉफ्टवेअर सगळ्या प्रोग्रॅमची मेमरीतली पानं जबरदस्तीने डिस्कवर ढकलतात, आकडा मोठा दिसतो आणि पुढच्या क्लिकला सगळं परत आणावं लागतं, म्हणजे मशीन आणखी हळू. रजिस्ट्री क्लीनरने चार-पाचशे नोंदी उडवल्याचं समाधान मिळतं, वेग नाही. दोन अँटीव्हायरस एकावेळी टाकणाऱ्याला तर नमस्कार.

सपोर्ट संपल्यावर

२००६ नंतर हौशी लोकांनीच गाडा ओढला. सेकंड एडिशनसाठी अनऑफिशियल सर्व्हिस पॅक आहे, नवीन प्रोग्रॅम चालावेत म्हणून कर्नलएक्स आहे. अधिकृत फायरफॉक्स २ पर्यंतच, तरी आता या मशीनवर नेट चालवूच नये. आजच्या मोठ्या डिस्क लावायच्या तर मूळ ड्रायव्हरला १३७ जीबीच्या पुढचं मोजता येत नाही, त्यापलीकडे लिहायला गेलं की ते डिस्कच्या सुरुवातीलाच जाऊन लिहितं आणि डेटा जातो, म्हणून १२० जीबीची डिस्क बरी.

काही छापखान्यांत अजून एखादं असं मशीन कोपऱ्यात असतं, प्रिंटर पोर्टला डाँगल (सॉफ्टवेअरची किल्ली) लावलेलं, कारण जुन्या पत्रिकांच्या पेजमेकर फाईल तिथेच उघडतात. त्यावरून फाईल बाहेर काढायच्या असतील तर सेकंड एडिशनवर एनयूएसबी नावाचं ड्रायव्हर पॅकेज टाकायचं, त्याशिवाय बहुतेक पेनड्राईव्ह दिसत नाहीत, आणि पेनड्राईव्ह फॅट१६ किंवा फॅट३२ मध्येच फॉरमॅट केलेला हवा. फॉन्टच्या फाईल सोबत घ्यायला विसरू नका, नाहीतर नवीन मशीनवर अख्खी लग्नपत्रिका चिनी-जपानी दिसेल.